भूतकाळाचा सराव आणि लागलेलं दार

"बाहेर पाऊल टाकशील तेव्हा किल्ली जवळ ठेव. हे दार माणूस बघून बंद होत नाही," असं सासूबाईंनी नव्या घरात आल्याआल्या बजावलं होतं. सुनेने मान डोलावली आणि मनात म्हटलं, मी काय कुकुलं बाळ आहे?

कुकुलं बाळ त्या दुपारी आतल्या खोलीत झोपलं होतं आणि ती बाहेर फ्रेंचचा भूतकाळ घोकत होती. संध्याकाळी कॉम्प्युटरवर तोंडी परीक्षा होती. पास झाली तरच भाषांतराचं जुनं काम परत मिळणार होतं. बहुतेक क्रियापदं गुणी होती. पण येण्याजाण्याची, चढण्यापडण्याची काही हट्टी होती, त्यांना मदतनीस क्रियापदही निराळंच लागे. ती नुसती पाठ करू नका, करून बघा, असं शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं. म्हणून ती स्टुलावर चढून कुजबुजली, 'मोंते'. सोफ्यावर अंग टाकून, 'तोंबे'. फ्रेंचमध्ये 'गेले' म्हणायचं तर 'आले' म्हणावं लागतं, यावर तिने कपाळाला हात लावला. मग दार उघडलं, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि म्हणाली, 'सोर्ती'. बाहेर पडले.

मागे खट् झालं.

किल्ली आत, फोन आत, बाळ आत. तिने दाराला कान लावला. काहीच ऐकू येईना, आणि रडण्यापेक्षा ते जास्त भयंकर होतं. ती अनवाणीच वर धावली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त ड्रायव्हर आजोबा एकटे राहत. आजवर जिन्यात हसण्यापलीकडे ओळख नव्हती. तिचं निम्मं बोलणं ऐकूनच ते तरातरा खाली निघाले, आणि त्यांच्याही मागे खट् झालं. दार एकाच बिल्डरचं.

"झालं," आजोबा शांतपणे म्हणाले, "आता आपण एका गाडीतले. तू खाली जाऊन फोन कर. मी बाळाकडे कान ठेवतो."

त्यांना एका कानाने ऐकू येत नाही आणि त्यांनी नेमका तोच दाराला लावला होता, हे तिला पुढे कळलं.

तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी फोन दिला, पण नवऱ्याचा नंबर आठवेना. पाठ होता तो सासूबाईंचा, कारण त्या उचलेपर्यंत तो पुन्हापुन्हा लावावा लागे. आज मात्र त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला, आणि जास्तीची किल्ली घेऊन रिक्षाने आल्या. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवून आल्या असणार, पण सुनेचं तोंड बघून सगळं गिळलं. दार उघडलं. दोघी आत धावल्या.

बाळ जागं होतं. स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात धरून, छताकडे बघत, मजेत. तिने त्याला उचललं आणि तिथेच फरशीवर बसून पोटभर रडून घेतलं. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रड. मग तोंड धू. परीक्षा आहे ना?"

परीक्षक बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, आज दिवसभर काय केलंत? तिने सांगितलं. मी चढले, पडले, बाहेर पडले, धावले, घाबरले. मदतनीस क्रियापदं आपापल्या जागी न बोलावता येऊन बसली. परीक्षक बाई चुका टिपायचं विसरून पुढे सरकून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी काळजीने विचारलं, "आणि ते आजोबा? ते घरात गेले का?"

ती सासूबाईंकडे वळून पुटपुटली, "आजोबा?" सासूबाईंनी दाराकडे पाहिलं.

आजोबा पायरीवर भिंतीला टेकून बसले होते.

"अहो, हाक तरी मारायची," ती कशीबशी म्हणाली.

"तुझी परीक्षा होती. शिवाय बाळ उठलं असतं तर?" ते म्हणाले. "चहा मात्र चालेल."

कुलूपवाला येईपर्यंत त्यांनी दोन कप घेतले, बाळाला मांडीवर घेतलं, आणि ती पास झाल्याचं सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं.

तेव्हा वाचकहो, हे मिटून ठेवा आणि जरा उठा. तुमच्या वरच्या मजल्यावर कोणी एकटं राहत असेल, तर दार वाजवून या. ते आत आहेत ना, एवढं बघा.