टेकडीवरचा चालता बोर्ड

जावयाला बोलू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माईंचा जावई पाहिलेला नाही! हा गडी दर रविवारी टेकडीच्या फाटकातून आत शिरला, की कुत्र्याचा पट्टा काढून स्वतःच्याच गळ्यात अडकवायचा आणि हात हलवत चालू लागायचा. कुत्रा वासराएवढा. समोरून येणाऱ्याच्या छातीवर दोन्ही पाय ठेवून तो त्याचं तोंड स्वच्छ चाटून काढायचा आणि जावईबापू पन्नास पावलं मागून ओरडायचे, "घाबरू नका हो, खेळतोय तो!"

"समोरचा खेळतोय का, ते विचारलंत कधी?" माई विचारायच्या. जावईबापूंच्या कानात गाणी असायची.

गेल्या रविवारी एका मास्तरांचा चष्मा फुटला आणि पहारेकऱ्याने निर्वाणीचं सांगितलं, "पुन्हा हा सुटा दिसला, तर याला फाटक कायमचं बंद!"

माईंनी लगेच हिशोब मांडला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीने त्यांना एकटीने टेकडी चढायला बंदी केली होती. सोबत यायचा तो जावई, आणि जावई यायचा तो कुत्र्यासाठी. कुत्रा बंद म्हणजे जावई बंद, आणि जावई बंद म्हणजे माई घरात, टीव्हीसमोर, सोफ्यावरच्या उशीसारख्या! आठवड्यातून एकदा वरचा वारा खाल्ला नाही, तर उरलेले सहा दिवस कुणाला चार शब्द सुनावायची ताकदच राहायची नाही त्यांना. घरच्यांना ते चाललं असतं. माईंना नाही.

म्हणून या रविवारी फाटकातच त्यांनी हात पुढे केला. "आणा तो पट्टा! मी मारक्या म्हशी वळवल्यात. हा तर नुसता केसांचा ढीग आहे."

"आई, तो ओढतो हं."

"मलाही ओढता येतं!"

आणि खरंच, अर्ध्या वाटेपर्यंत कुत्रा असा चालला, जसा पहिल्या दिवशी शाळेत निघालेला पोरगा. कुणी समोरून आलं की माई त्याला कडेला घ्यायच्या, खाली बसवायच्या, "जा बाबा, तू पुढे जा," म्हणायच्या. जावईबापू मोकळे सुटले, ते केव्हाच वर पोचले.

तेवढ्यात माईंच्या बुटात खडा गेला. जुन्या खाणीकडे जाणारी वाट बंद केलेली, तिथे एक बोर्ड उभा होता. त्यावर काय लिहिलंय हे माईंना ठाऊक नव्हतं. दुसरीतून शाळा सोडल्यापासून अक्षरांशी त्यांचा अबोलाच होता. त्यांनी बोर्डाच्या खांबाला पट्ट्याचे दोन वेढे दिले आणि म्हशीची गाठ मारली. "ही सुटली तर नाव बदलीन!"

गाठ सुटली नाही. वरून जावईबापूंनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली आणि खांब सुटला!

माईंनी बूट झटकून मान वर केली, तर कुत्रा नाही, बोर्ड नाही, जमिनीत नुसतं भोक! एक बूट पायात, एक हातात, अशा त्या चढू लागल्या. मागून तरुणांचा एक घोळका आला, "बाजूला हो, आजी," म्हणत पुढे गेला आणि पाच मिनिटांत तोच घोळका कोंबड्यांसारखा फडफडत खाली आला.

"आजी, पळा! वर धोका आहे!"

"कोण म्हणालं?"

"बोर्ड लागलाय! 'पुढे धोका आहे, मागे फिरा!' आणि त्याच्यामागे झुडपात काहीतरी धापा टाकतंय. अस्वल असणार!"

माई तशाच एका बुटावर चढत राहिल्या. काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. पण आता अस्वल पुढे आणि अफवा मागे! बोंब खाली पोचेपर्यंत अस्वलाला दोन पिल्लं झाली होती. पहारेकरी काठी घेऊन धावत आला. त्याच्यामागे बघे, बघ्यांत नवा चष्मा घातलेले मास्तर! काठी पुढे करून पहारेकऱ्याने झुडूप बाजूला केलं. दोन खडकांत खांब अडकलेला, वर बोर्ड ताठ उभा आणि खाली कुत्रा जीभ काढून पडलेला.

"आजी! पुन्हा सुटा? झालं, फाटक बंद!"

माई गर्दीतून पुढे आल्या. हातातला बूट त्यांनी असा रोखला, की काठी आपोआप खाली गेली.

"सुटा? गाठ बघ! ओढून बघ!"

पहारेकऱ्याने ओढली. मग दातांनी ओढली. गाठ ढिम्म!

"माझं कुत्रं बांधलेलंच आहे. मोकाट सुटलाय तो तुमचा खांब! खड्डा खणून रोवला होता, की केकवर मेणबत्ती टोचली होती? माझ्या अंगावर पडला असता, तर आत्ता अस्वलाऐवजी मला बघायला जमला असतात सगळे!"

मास्तरांनी चष्मा सावरला. "पट्टा आहे खरा. नियमात बसतं."

पहारेकरी मान खाजवत म्हणाला, "बरं, येऊ दे कुत्र्याला. पण पट्टा आजींच्याच हातात. आणि हा खांब आत्ता चौकीवर पोचता करा!"

एवढ्यात जावईबापू वरून टिवल्याबावल्या करत उतरले. "काय झालं? खेळत होता का हा?"

मास्तरांनी जावईबापूंच्या कानांतली गाणी काढून घेतली आणि पहारेकऱ्याने बोर्डासकट खांब त्यांच्या पाठीवर लादला. गाठ सुटत नव्हती, त्यामुळे खांबाला कुत्रा आणि कुत्र्याला माई, अशी वरात निघाली. मागून येणारे बोर्ड वाचून जागीच थबकत होते.

निम्म्या उतारावर जावईबापू धापा टाकत म्हणाले, "आई, चुकलं माझं. आता राग गेला ना?"

माईंनी बोर्डाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

"राग कसला, जावईबापू! शोभतोय तुम्हाला हा. लग्नाच्या दिवशी गळ्यात असता, तर माझी लेक दारातूनच परत आली असती!"