जवळजवळ झालंय

कर्वेनगरातल्या त्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत रोज सकाळची मीटिंग उभ्यानेच व्हायची. उभी राहिली की माणसं कमी बोलतात, असा त्यामागचा हिशेब. ज्याने तो मांडला त्याने पुणं पाहिलेलं नसावं. इथे ‘निघतो, निघतो’ म्हणत माणसं दारात उभी राहून तासभर बोलतात.

मीटिंगमध्ये प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय का. पहिल्या दोन प्रश्नांना सगळे भरभरून उत्तरं देत. तिसऱ्याला मात्र सगळे एका सुरात ‘नाही’ म्हणत, आणि त्याला कारण होते यज्ञेश्वर सर. टीमचे प्रमुख, राहायला कोथरूडला, मनाने निर्मळ, पण मनातलं बाहेर येताना वाटेत जीभ लागायची. ॲपचे स्क्रीन बनवणारी सृष्टी एकदाच चुकून ‘जरा अडलंय’ म्हणाली होती. सर शांतपणे म्हणाले होते, “हरकत नाही. पगार वेळेवर होतोय ना? तो अडला की सांगा.”

तेव्हापासून तिथे कोणाचं काही अडलं नव्हतं.

शहाबाज या टीममध्ये सगळ्यात नवा. त्याच्या प्रोबेशनचे सहा महिने संपत आले होते आणि हातातलं काम नीट पार पडलं तरच नोकरी पक्की होणार होती. काम होतं लोणी काळभोरच्या मच्छिंद्ररावांच्या रोपवाटिकेचं, घरबसल्या रोपं मागवायचं ॲप. त्यातला शहाबाजचा भाग दिसायला सोपा होता: एकच रोप दोन गिऱ्हाइकांना विकलं जाता कामा नये. पण दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं की त्याचा प्रोग्रॅम मोठ्या मनाने दोघांनाही हो म्हणून बसत होता. आठवडाभर डोकं आपटूनही त्याचा हा दिलदारपणा जात नव्हता.

सोमवारी खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच शहाबाज घरून निघाला. त्याची पाळी आली. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि शहाबाजच्या तोंडून आपोआप निघालं, “जवळजवळ झालंय.”

“जवळजवळ म्हणजे?” सर म्हणाले. “स्वारगेटहून सुटलेली बसही जवळजवळ कोथरूडला पोहोचलेलीच असते.”

“म्हणजे उद्यापर्यंत, सर.”

वेळ मारून नेली खरी, पण ती अशी एकदा मारून संपत नाही. दुसऱ्या दिवशी सृष्टीनेही आपलं जवळजवळ झाल्याचं सांगितलं. फक्त शहाबाजच्या भागाला जोडायचं राहिलंय म्हणाली. पैसे भरायचा भाग करणाऱ्या आमोदचंही तेच. एवढं सगळं एकदम झालेलं पाहून सर खूश झाले, आणि हे क्वचितच व्हायचं. त्या भरात त्यांनी मच्छिंद्ररावांना फोन लावून पुढच्या आठवड्याऐवजी याच गुरुवारी दुपारी ॲप बघायला बोलावलं. सृष्टी आणि आमोदला शहाबाजने कसंनुसं तोंड करून सांगितलं, की माझा भाग संध्याकाळपर्यंत देतो. “सावकाश दे रे, घाई नाही,” दोघंही घाईघाईने म्हणाले. किती समजूतदार माणसं, असं वाटून त्याला आणखीनच लाज वाटली.

बुधवारी ऑफिसची कागदपत्रं सांभाळणारी राधा हसत हसत त्याच्या टेबलाशी आली. सर तुझ्यावर खूश आहेत, तुझं नोकरी पक्की झाल्याचं पत्र करायला घेते, असं सांगून गेली. घरी पोहोचतो तर अम्मीने, म्हणजे सुरय्याबींनी, ही बातमी आधीच सगळ्या सोसायटीला देऊन टाकलेली. राधाचा फोन आला होता म्हणे, पत्रात पूर्ण नाव कसं लिहायचं ते विचारायला. आता मात्र शहाबाजला जेवण गोड लागेना. शेवटी त्याने अम्मीला सगळं खरं सांगितलं. काम झालेलं नाही, अडलंय, आणि ते बोलायची सोय नाही, कारण मीटिंगमध्ये तसं कोणीच बोलत नाही.

अम्मी विचारात पडली. “तो फिर रोज खडे कायको रहते सब?”



गुरुवारी सकाळी त्याने आपली पाळी यायच्या आत, मनातली भीती जागी व्हायच्या आधीच, बोलून टाकलं. “सर, माझं झालेलं नाही. अडलोय. सोमवारीही अडलेलाच होतो.”

शहाबाजने मनातल्या मनात बायोडेटा काढून झटकायला घेतला होता, तेवढ्यात सृष्टीने सुस्कारा सोडला.

“माझंही नाही झालेलं,” ती म्हणाली. “म्हटलं, शहाबाजला उशीर झाला की माझाही खपून जाईल. पण हा रोज उठून जवळजवळ झालंय म्हणायचा.”

“मी तर तुम्हा दोघांच्या भरवशावर होतो,” आमोद खाली बघत म्हणाला.

सरांचा चेहरा लाल झाला. एवढ्या मोठ्या संतापाला पुरेसा टोमणा त्यांनाही लगेच सापडेना. “वा,” अखेर ते म्हणाले. “टीम म्हणजे एकजूट हवी, ती आहे.” मग ते बोलतच सुटले. जबाबदारी, शब्द, मच्छिंद्ररावांचा विश्वास, सगळं झालं. ते दम घ्यायला थांबले तेव्हा सृष्टीने हळूच विचारलं, की ज्या सर्व्हरवर हे ॲप चढवायचं तो तुम्ही तयार करणार होतात, तो झालाय ना?

सर पंख्याकडे बघू लागले.

“तो,” ते म्हणाले, “जवळजवळ...”

पुढचं कोणाला ऐकायची गरज पडली नाही. आधी आमोद फिस्सकन हसला, मग सगळेच, आणि शेवटी नाइलाजाने सरही. आमोदने आपली खुर्ची ओढून शहाबाजच्या टेबलाशी आणली. आधीच्या नोकरीत नाटकाची तिकिटं विकणाऱ्या ॲपवर काम करताना त्याने एका खुर्चीवर दोन माणसं बसवण्याचा हाच घोळ निस्तरला होता. चहा थंड व्हायच्या आत शहाबाजचा प्रोग्रॅम पहिल्यांदाच एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणाला. इतक्या दिवसांची घालमेल तेवढ्यात मिटलेली पाहून शहाबाजला हसावं की रडावं कळेना. मग दोघांनी मिळून सृष्टीच्या स्क्रीनचं काम हातात घेतलं, तिने आमोदचा पैसे भरायचा भाग तपासला. सर्व्हर मात्र मी एकटाच बघतो असं सर म्हणाले, त्यामुळे तो तसाच राहिला.

दुपारी मच्छिंद्रराव आले ते मोगऱ्याचं रोप हातात घेऊनच. यज्ञेश्वर सर घसा साफ करत होते, तोच पाहुणे खुर्चीच्या कडेवर अवघडून बसले.

“सायेब, यक सांगू का? रोपांची यादी आन् फोटू म्या द्यायचं कबूल केलं हुतं. जवळजवळ झालंच हाय. पर अजून आठ दिस लागतील बघा.”

सरांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. आयती सुटका समोर येऊन बसली होती. ते खुर्चीत ऐसपैस रेलले, आवाजात मोठेपणा आला. “अहो मच्छिंद्रराव, आमचं तर सगळं...”

त्यांची नजर शहाबाजकडे गेली. शहाबाज त्यांच्याकडेच बघत होता.

“...झालेलं नाही,” सर म्हणाले. “आमचंही आठ दिवसांचं काम आहे. चहा घेणार ना?”

मच्छिंद्ररावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी दोन कप चहा घेतला आणि जाताना मोगरा तिथेच ठेवून गेले.

पुढच्या गुरुवारी ॲप चाललं, यादीसकट, फोटोंसकट. मच्छिंद्ररावांनी स्वतःच पहिलं रोप मागवून पाहिलं आणि खूश होऊन गेले. संध्याकाळी शहाबाज धीर करून राधाकडे गेला. सोमवारच्या खोट्याने नोकरी गेली की गुरुवारच्या खऱ्याने राहिली, ते त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

“राधाताई, माझं पत्र?”

“जवळजवळ झालंय,” राधा मान वर न करता म्हणाली.

आठवड्यापूर्वी तो मान हलवून परत फिरला असता. आज त्याने विचारलं, “कुठे अडलंय?”

राधाने मान वर केली. “सरांपाशी. नोकरी पक्की केलीय त्यांनी, पण पत्रात तुझ्याबद्दल दोन चांगली वाक्यं लिहावी लागतात. दुपारपासून कागद पुढे घेऊन बसलेत. मघाशी स्वतःच येऊन सांगून गेले, की आयुष्यात कोणाचं कौतुक लिहिलं नाही, अडलोय.”

शहाबाजने काचेतून पाहिलं. सर पेनचं टोपण चावत बसले होते. त्याने सृष्टीला आणि आमोदला हाक मारली, आणि तिघंही आपापली खुर्ची ओढत सरांच्या टेबलाकडे निघाले.