डेल्मरचं बारा एकर तण

डेल्मर क्रूज गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी परतला, तेव्हा त्याला गाडीतूनच दिसलं, की रस्त्याकडेचं त्याचं बारा एकर रान कुणीतरी गुळगुळीत कापून टाकलंय.

"आर्लिटा, गाडी थांबव! कुणी केलं हे?"

"शेजारच्या व्हर्लिनने आणि मंडळींनी," बायको रडवेल्या आवाजात म्हणाली. "तू दवाखान्यात म्हणून सात ट्रॅक्टर घेऊन आले मदतीला. मी तुझ्यापाशी होते रे, नाहीतर ट्रॅक्टरपुढे आडवी पडले असते."

आमच्या काउंटीत कुणी आजारी पडलं, की शेजारी न सांगता येऊन त्याचं शेत उरकून देतात. पण पाखरांना घरटी करायला जागा राहावी म्हणून या बारा एकरांत काहीही न पिकवण्याचे सरकार डेल्मरला सहा वर्षं पैसे देत होतं. अट एकच. पाखरांची पिल्लं उडेपर्यंत, म्हणजे ऑगस्ट उजाडेपर्यंत, गवताला पातं लावायचं नाही. लावलं तर सहाही वर्षांचे पैसे व्याजासकट परत. आणि ते पैसे केव्हाच घराचं नवं छप्पर होऊन बसले होते.

डेल्मर काच खाली करून बघत राहिला. चाळीस वर्षांत त्याच्या शेतात एक ओळ वाकडी गेली नव्हती. त्या तणापायी मात्र चर्चला जाताना त्याची मान खाली जायची.

"रेघा बघ कशा सरळ आल्यात," तो हळूच म्हणाला.

"डेल्मर! छप्पर जाईल आपलं!"

संध्याकाळी व्हर्लिन टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.

"तुझं चाऱ्याचं गवत कापायलाच आलो होतो रे. पण सात ट्रॅक्टर, अर्ध्या तासात उरकलं. जेवणाला जेनेलचं भाजलेलं हॅम यायला अजून तास होता. नुसतं बसून काय करणार?"

"मग माझं तण कापलंस? अरे, हे करार बघणाऱ्या सरकारी कमिटीचा तू अध्यक्ष ना?"

"ते हॅमचा वास आल्यावर आठवलं."

लपवणं डेल्मरच्या रक्तातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुबड्या टेकत त्याने कमिटीच्या ऑफिसात जाऊन स्वतःच कळवलं. आठवड्याने शेतकऱ्यांनी निवडून दिलेली तीन जणांची कमिटी बसली. ऑफिसच्या मुख्य जेनेलबाईंनी नियम वाचला, "ज्यांचा या प्रकरणाशी संबंध असेल, त्यांनी बाहेर जावं."

तिघंही उठून बाहेर गेले. मग दोन बदली सभासदांना बोलावलं. त्यांनी दारातूनच विचारलं, "डेल्मरचंच ना?" आणि तेही बाकावर जाऊन बसले.

आत डेल्मर आणि जेनेलबाई उरले.

"तुम्हीच काय ते ठरवा," डेल्मर म्हणाला.

"मी कशी ठरवू? हॅम माझं होतं."

शेवटी फाइल शेजारच्या काउंटीत गेली. तिथले शेतकरीही तसलेच, हातावर हात ठेवून बसता न येणारे, पण निदान त्या दिवशी ते आपापल्या घरी होते. निकाल येईपर्यंतचे तीन आठवडे आर्लिटाने छपराकडे बघत काढले. डेल्मर रोज संध्याकाळी पाय स्टुलावर ठेवून व्हरांड्यात बसे आणि रानाकडे बघे. त्याला इतकं समाधानी तिने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि तिला त्याचा रागही येई.

पत्र आलं. आर्लिटाने ते मोठ्याने वाचलं.

"'मालकाच्या नकळत घडल्यामुळे पैसे परत घेतले जाणार नाहीत.' डेल्मर, वाचलो रे! छप्पर वाचलं!" तिने त्याला मिठीच मारली. मग उरलेल्या दोन ओळी वाचल्या. "'मात्र पाखरांचा एक मोसम वाया गेल्याने करार एक वर्ष वाढवण्यात येत आहे. तण जसं वाढेल तसं वाढू द्यावं.'"

डेल्मरचा चेहरा उतरला. त्याने एकदा रानाकडे पाहिलं. सरळ रेघांतून हिरवे कोंब वर येऊ लागले होते.

"आर्लिटा," तो म्हणाला, "जेनेलला फोन लाव. करार मोडून पैसे हप्त्याने परत भरले तर चालतील का, विचार."