तीन तासांवरचा लेक

मांडी घालून बसा. मधेच 'मग काय झालं' विचारायचं नाही. सांगतेच आहे मी.

एका जंगलात, तळ्याकाठच्या शेवरीवर, चंद्राक्का नावाची करकोचीण राहायची. तिचा लेक दिगू लांबच्या शहरात गेला होता. मधे डोंगरच डोंगर, शिवाय एक वाळवंट. उडत यायला आठ दिवस लागायचे. पंख सोलून निघायचे. तरी दिगू दर थंडीला यायचा, आईला खेटून बसायचा आणि जाताना रडायचा.

मग पाखरांना वरच्या वाऱ्याची वाट सापडली. त्या वाऱ्यात शिरलं की शहर ते जंगल तीन तास. आहे की नाही प्रगती? चंद्राक्कानं घरट्यात नवं गवत अंथरलं.

दिगू त्या थंडीला आला नाही. पुढच्याही नाही.

पोपटाबरोबर निरोप मात्र यायचा. "अगं आई, तीन तासांचं तर अंतर! मनात आलं की आलोच."

मनात यायला किती तास लागतात, ते कुणी मोजलं नव्हतं.

शेजारीण होती ठकू कासवीण. ती म्हणायची, "माझी लेक ओढ्यापलीकडून चालत येते बाई. दोन दिवस मोडतात. परवाच येऊन गेली."

"तुमची जातच मागासलेली गं," चंद्राक्का मान उंच करून म्हणायची. "माझा तीन तासांवर आहे."

एके दिवशी ती मान वर होईना. आता त्या जंगलाची रीत अशी, की मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी पोटच्या पोराच्या चोचीतून पडायचं. दुसऱ्या कुणाचं चालत नसे. म्हातारीला तेवढंच हवं होतं. पोपट गेला, परत आला.

"काय म्हणाला?" ठकूनं विचारलं.

"म्हणाला, नक्की कधी जाणार ते विचार. तीन तास आधी निघतो. लवकर आलो आणि ती बरी झाली, तर फेरी फुकट जायची."

"ऐकलंस का गं चंद्रे? मुहूर्त मागतोय मेला!"

"कामात असेल," चंद्राक्का पुटपुटली. "पोपटा, जा. आत्ताच नीघ म्हणावं."

पोपट उडाला. चंद्राक्काचा घसा कोरडा पडला. ठकूनं झाडाखालून हाक मारली, "खाली उतर, माझ्या हातचं पी. रीत गेली खड्ड्यात!"

"नको गं. येईलच तो. तीन तासांवर तर आहे." आणि तिनं चोच मिटून घेतली.

निरोप पोचायला तीन तास, लेक यायला तीन तास. एवढा साधा हिशोब त्या शहाण्याच्या डोक्यात आला नव्हता. तो पोचला तेव्हा आई गार झाली होती.

सगळं जंगल जमलं होतं. दिगूनं चोचीत तळ्याचं पाणी भरून आणलं होतं. त्यानं आईकडे पाहिलं. मग जमलेल्यांकडे पाहिलं. बोलायचं तर चोच उघडायला हवी. म्हणून त्यानं ते पाणी स्वतःच गिळलं आणि म्हणाला,

"बघा! बरोबर तीन तासांत आलो की नाही?"

जंगलानं माना डोलावल्या. काय तो वेग!

तात्पर्य: आईबापांनी मरायच्या आधी लेकरांना पुरेशी सूचना द्यावी. ऐनवेळी मरून त्यांची गैरसोय करणं चांगल्या घरात शोभत नाही.