निरंजनरावांची पेटी: सद्यस्थिती नव्वद टक्के

माणूस साठाव्या वर्षी निवृत्त होतो. त्याची कार्यपद्धती होत नाही. शिक्षक निवृत्त झाला तरी लग्नाच्या पंगतीत परक्या मुलांना गप्प बसवतो, आणि रेल्वेवाला भाजीला निघतानाही घड्याळ बघतो. सॉफ्टवेअरवाला काय करतो, याविषयी रायपूरच्या आमच्या मराठी मंडळाकडे तीन वर्षांपूर्वीपर्यंत अधिकृत माहिती नव्हती. ती श्री. निरंजन देवपुजारी यांनी उपलब्ध करून दिली. मंडळाचा सहचिटणीस या नात्याने तिची नोंद ठेवणं माझं कर्तव्य आहे.

निरंजनराव एकतीस वर्षं बंगळुरूला नोकरी करून रायपूरला ब्राह्मणपारा वस्तीत वडिलांच्या घरी परतले आणि परतल्यावरच्या पहिल्या सोमवारी त्यांनी छंद सुरू केले. सामान्य माणसाला छंद लागतो. निरंजनरावांनी सतरा छंद एकाच दिवशी लागू केले. प्रत्येकाला क्रमांक, उद्दिष्ट आणि मुदत दिली. दर महिन्याच्या एक तारखेला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा प्रगती-तक्ता येऊ लागला. त्यातला काही भाग असा:

छंद क्र. २, दुर्बिणीतून ग्रह पाहणे: ८५ टक्के (दुर्बीण आली, तिपाई कोणती घ्यावी याचा तौलनिक अभ्यास चालू).
छंद क्र. ३, पेटीवादन: ९० टक्के.
छंद क्र. ९, छत्तीसगढच्या तांदळांचा संग्रह: ९५ टक्के (बरण्यांना लेबलं लावून झाली, तांदूळ बाकी).
छंद क्र. ११, तेलीबांधा तलावावरचे पक्षी: ८८ टक्के (टोपी मिळाली).
छंद क्र. १४, मधमाशीपालन: ६० टक्के (मधमाश्या वगळता सर्व सिद्धता पूर्ण).

त्यांच्या पत्नी मंदाकिनीताई यांनी वर्षभर स्वयंपाकघरातून निरीक्षण करून स्वतंत्र आकडेवारी काढली आहे. त्यानुसार छंदांच्या एकूण वेळापैकी नियोजनाला चौसष्ट टक्के, साहित्याच्या निवडीला तेवीस, लोकांना सांगायला बारा आणि प्रत्यक्ष छंदाला एक टक्का वेळ गेला (यात वीज गेली होती तो वेळ धरलेला आहे).

मंडळात कोणीही हसलं नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. उलट आम्हाला आदरच वाटला. आमच्यापैकी कित्येकांना आजवर एकही छंद धड अर्धवटसुद्धा सोडता आला नव्हता.

इथे एक तांत्रिक बाब स्पष्ट करणं आवश्यक आहे. सॉफ्टवेअरमध्ये काम नव्वद टक्के झालं म्हणजे काम काय आहे ते समजलं. त्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे कोणी कोणाला विचारत नाही. परंतु आमचे चिटणीस शामराव रेल्वेत गार्ड होते.

"नागपूरहून निघालेली गाडी नव्वद टक्के आली म्हणजे दुर्ग सुटलं न भाऊ!" शामराव सभेत म्हणाले. "आता रायपूर यायले किती वेळ लागते? छापून टाका पत्रिकेत."

सबब गुढीपाडव्याच्या कार्यक्रमपत्रिकेत छापलं गेलं: अभंग, क्षमाताई. पेटीची साथ, श्री. निरंजन देवपुजारी.

क्षमाताई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या गणिताच्या बाई. मंडळाच्या पाडव्याला त्या सव्वीस वर्षं गायल्या. मग आमचे पेटीवाले मुलीकडे पुण्याला राहायला गेले आणि त्याबरोबर ताईंचं गाणंही बंद पडलं. तीन पाडवे त्या शेवटच्या रांगेत बसून नुसत्या श्रीखंडाची वाट पाहत होत्या. यंदा पत्रिका हातात पडताच त्यांनी पहाटेचा रियाज सुरू केला. शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही, यावरून त्या किती चांगल्या गात असतील ते समजावं. हे गाणं पुन्हा हुकलं तर ताई परत गाणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. म्हणूनच कोणी निरंजनरावांना एकदाही पेटी वाजवून दाखवा म्हटलं नाही. शंका घेणं बरं दिसत नाही.

निरंजनरावांच्या हातात आठ दिवस होते. ते डगमगले नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी प्रकल्पाला नाव दिलं. दुसऱ्या दिवशी धोक्यांची यादी केली. यादीत तेवीस धोके होते (क्र. १, सभागृहातला पंखा, क्र. २३, वादकाला वादन न येणे, शक्यता: अल्प). तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी उभ्याउभ्या आढावा बैठक सुरू झाली. तिला मंदाकिनीताई उपस्थित असत, कारण त्या तेव्हा पोळ्या लाटत असत.

"काहून हो," पाचव्या बैठकीत त्यांनी विचारलं, "पेटी वाजवून राहिले का पेटीबद्दल बोलून राहिले?"

"सध्या पाया मजबूत करून राहिलो," निरंजनराव म्हणाले. या प्रश्नाची नोंद 'सूचना' या सदरात झाली. सातव्या दिवशी पेटीवरची खोळ काढण्यात आली व तक्त्यात ९० चे ९२ टक्के झाले.

पाडव्याला सकाळी साडेदहा वाजता सभागृह भरलं. क्षमाताई जांभळी साडी नेसून बैठकीवर बसल्या. निरंजनराव पेटीमागे बसले. त्यांनी पट्ट्यांकडे असं पाहिलं की पहिल्या रांगेला तो साधकाचा एकाग्रपणा वाटला. मी बाजूला माइक धरून उभा असल्यामुळे पुढचं मला ऐकू आलं.

"काळी चार," ताई म्हणाल्या. "द्या सूर."

निरंजनरावांनी पट्ट्यांवरची नजर उचलून ताईंकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ताई, मले वाजवता येत नाही."

"अन् ते नव्वद टक्के?"

"ते सगळं ठरवण्याचे होते. वाजवायचं राहूनच गेलं." त्यांचा चेहरा इतका पडला होता की मला माझ्या नोंदवहीची लाज वाटली.

चौतीस वर्षं सातवीच्या वर्गाकडे बघत आल्या होत्या, बहुधा तसंच क्षमाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. "हव," त्या म्हणाल्या. "गृहपाठाचं पोट्टे बी असंच सांगत. बोट इथं ठेवा. दुसऱ्या हातानं भाता मारा. मी थांबेपर्यंत थांबायचं नाही."

निरंजनरावांनी बोट ठेवलं. सूर निघाला. आधी थरथरला, मग भाता सावरला तसा स्थिर झाला. आणि क्षमाताई त्या एका सुरावर गायल्या, अकरा मिनिटं. सभागृहात कोणी मोबाइल काढला नाही, आणि हा मंडळाच्या इतिहासातला विक्रम आहे. शेवटी निरंजनरावांचा हात भरून आला होता, कपाळ घामानं भिजलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते हसतही होते. एवढा आनंदी माणूस मी निवृत्तांमध्ये पाहिलेला नाही.

श्रीखंड न खाता ते घरी गेले आणि त्यांनी तक्ता दुरुस्त करून ग्रुपवर टाकला. पेटीवादन: एक सूर. बाकी सोळा छंदांपुढे त्यांनी शून्य लिहिलं होतं. त्यावर ग्रुपवर एकतीस अंगठे आले.

अंगठ्यांनी बहुधा त्यांचं समाधान झालं नसावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाच्या त्रेसष्ट सभासदांना एकाच प्रश्नाचं पत्रक पाठवलं: 'गेल्या महिनाभरात आपण स्वतःच्या हातांनी, केवळ आवडतं म्हणून, काय केलंत? (बघणे, वाचणे, पुढे पाठवणे व ठरवणे धरू नये.)'

आजपर्यंत आलेली उत्तरं: एक. ते क्षमाताईंचं. शामराव म्हणतात, पत्रक उत्तम आहे, दरवर्षी काढावं. माझंही अजून भरायचं राहिलं आहे, कारण मी हा अहवाल लिहीत होतो, आणि तो शामरावांनी लिहायला सांगितला म्हणून लिहावा लागला. तुम्हाला पत्रक मिळालं नसेल तर प्रश्न वर दिलेलाच आहे. मात्र उत्तर लिहायला घेण्यापूर्वी कंस पुन्हा एकदा पाहावा. तुमची ही गेली पाच मिनिटं त्यात धरता येणार नाहीत.