मेश्रामकाकांचा सेक्रेड रांजण

आमच्या गल्लीत मेश्रामकाकांच्या फाटकाशी एक रांजण आहे. होळी आटोपली की त्याला ओलं तरट गुंडाळलं जातं, वर लाकडी झाकण बसतं आणि झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं येतं. जाणाऱ्या-येणाऱ्यानं पाणी प्यावं म्हणून. इथवर सगळं छान. पण तुम्ही उन्हातून आलात आणि म्हणालात, "काका, जरा पाणी देता का?" तर शेजारच्या खुर्चीत बसलेले काका जागचे हलणार नाहीत.

"देत नाही. घ्या," म्हणतील. "आपल्या हातानं घ्या. सेक्रेड हाये तो."

मी या गल्लीत नवी असताना हा अनुभव घेतला. ऐन मे महिना. धरमपेठेतून भाजी घेऊन चालत आले, पिशव्या खाली टेकवल्या, ओंजळ पुढे केली आणि म्हणाले, "काका, ओता हो जरा." तर हा माणूस ताडकन उभाच राहिला.

"ओंजळीत? नाही बाई. वरून ओतत नसतो मी कोणाले."

मला राग आला. एवढी पुण्य जोडायची हौस, आणि हात हलवायचा आळस! मी तडक घरी जाऊन फ्रिजमधली बाटली तोंडाला लावली. त्या रांजणाचं पाणी प्यायचं नाही, असं तेव्हाच ठरवून टाकलं. पुढे काकांशी गट्टी जमली, पण तो निश्चय मात्र तसाच राहिला.

काका पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. तरुणपणी एकदा मोजणीला गेले असताना साहेबानं एका दगडावर काठी आपटून सांगितलं होतं, "मेश्राम, हा दगड सेक्रेड आहे, याला कोणी हात लावायचा नाही." शब्द काकांना फार आवडला. अर्थ मात्र त्यांनी स्वतःच्या मापानं बेतून घेतला. "ज्याले सगळ्यांचे हात लागतात आन् तरी जे खराब होत नाही, ते सेक्रेड," ही त्यांची व्याख्या. त्या हिशेबानं उमरेडच्या एसटीत डोक्यावर असतो तो दांडा सेक्रेड. वाचनालयातली पानं सुटलेली डिक्शनरी सेक्रेड. पोह्यांच्या ठेल्यासमोरचा डुगडुगता बाक तर फारच सेक्रेड. माझ्या दिवाणखान्यातल्या नव्या सोफ्याला मी प्लास्टिक घातलं होतं, त्याच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि हळहळून म्हणाले, "याले काही चान्स नाही."

"यायले त्या शब्दाचं याड लागलं जी," काकू मला सांगायच्या. "काल माह्या पोळपाटाले सेक्रेड म्हणे. मी म्हटलं, मंग लाटा तुमीच."

मी शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. चांगला मराठी शब्द असताना कुणी इंग्रजी वापरला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. काका रोज सकाळी माझ्या व्हरांड्यात पेपर वाचायला येत आणि आमचा वाद जुंपे.

"काका, सेक्रेड म्हणजे पवित्र. सरळ पवित्र म्हणा ना."

"नाही. सेक्रेड."

एकदा मी घरातला जाडजूड शब्दकोश आणून त्यांच्या मांडीवर उघडला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. "हे पुस्तक चुकलं असन," म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. हसून हसून माझी पुरेवाट झाली. त्यांच्या तोंडून पवित्र हा शब्द मी कधीच ऐकला नव्हता, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. एवढी मराठीची मास्तरीण मी!

काकांना पंचाहत्तरावं लागलं, तेव्हा मला मोठी नामी भेट सुचली. पेंटरकडून पाटी रंगवून घेतली, पांढऱ्यावर निळी, टपोरी अक्षरं: "पवित्र जल". काका सकाळी फिरायला गेलेले पाहून मी ती स्वतः रांजणामागच्या भिंतीवर टांगली आणि आमच्या खिडकीत मजा बघत उभी राहिले.

काका आले. पाटी वाचली. मग हळूच काढली, अक्षरं भिंतीकडे करून खाली ठेवली आणि खुर्ची उचलून आत गेले. दुसऱ्या दिवशी ते पेपरला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. पेपर तसाच घडी घातलेला पडून राहिला. त्यांच्यावाचून माझी सकाळ सरकत नाही, हे मला तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी मीच गेले. "काका, माझं काय चुकलं?"

त्यांनी मला बसायला सांगितलं. बराच वेळ टॉवेलनं चष्मा पुसत राहिले.

"तुमचं नाही चुकलं. तुमाले ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "आमच्या गावात विहीर होती. माय घडा घेऊन बाजूले उभी राहे. मी तिच्या पदराले धरून. कोणी आलं, त्याच्या मनात आलं, तं वरून ओते. नाही तं दुपार होऊन जाय. एक दिवस मी इचारलं, माय, आपण काहून नाही काढत? तं पाणी भरणारी बाई म्हणे, विहीर पवित्र आहे रे बाबू." त्यांनी चष्मा लावला. "तो शब्द मले तिथं भेटला."

मी खाली मान घालून ऐकत होते.

"मंग आमी नागपूरले आलो. वस्तीत नळ होता. मायनं चालू केला. बंद केला. पुन्हा चालू केला. मागचे लोक ओरडून राहिले, आन् माय हासून राहिली. तिले असं हासताना मी पहिल्यांदा पाहिलं, बाई. त्या नळाले काय म्हणावं, ते मले किती वर्षं सुधरत नव्हतं. मंग साहेबाचा शब्द भेटला. कोरा होता. त्यानं आमाले कधी हाकललं नव्हतं."

पाटी काखेत मारून मी घरी आले आणि पेंटरचा निळा रंग रॉकेलनं पुसून काढला. खूप लाज वाटली. पाटीची वाटली, आणि आणखीही एका गोष्टीची वाटली, जी मला रात्रंदिवस दिसत असून दिसली नव्हती. घर बदललं तरी सासूबाईंच्या काळापासून आमच्याकडच्या माठात बाहेरच्या कुणाचा हात गेलेला नाही. मी जातपात मानत नाही, असं मी चारचौघांत ठासून सांगते. पण काकांना अकरा वर्षं पाणी दिलं, ते व्हरांड्यात, ट्रेमधून. दर वेळी ओतून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. काका आले, जणू काही झालंच नाही अशा थाटात पेपर उघडून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "बाई, जरा पाणी देता?"

मी उठले, सवयीनं ट्रे घ्यायला निघाले आणि दारातच थांबले.

"देत नाही," मी म्हणाले. "घ्या."

काकांनी पेपरावरून माझ्याकडे पाहिलं.

"आत या. माठ ओट्याशी आहे. आपल्या हातानं घ्या."

ते उठले. चपला काढल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी क्षणभर घुटमळले, मग माठापाशी गेले, झाकण काढलं आणि ओगराळं आत घातलं. थोडं पाणी ओट्यावर सांडलं. पेला भरून ते सावकाश प्यायले. पुन्हा भरला, पुन्हा प्यायले. एवढी तहान नसावी त्यांना.

"माय पायजे होती आज," ते म्हणाले.

त्यांनी झाकण ठेवायला उचललं, तसा मी त्यांचा हात धरला आणि त्यांच्या हातातलं ओगराळं घेतलं. मलाही पाणी घ्यायचं होतं.