बोटुकलीच्या लंघनाची आणि जामनेर स्वारीची हकीकत

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मासी, आफ्रिकेतील मलावी मुलखातील मच्छीमार संघाचे वकील राजमान्य चिसोमो फिरी अमळनेर प्रांती मत्स्यबीज केंद्रावर दाखल जाहले, ते समयी जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहिले आहे, पदरचे काही घातले नाही.

केंद्राच्या कारभारी शाझियाबी शास्त्रात निपुण, बोलण्यात मोजक्या. तीन वर्षे कागद धाडून त्यांनी तह जुळवीत आणिला होता, की खानदेशाने मलावीस मत्स्यबीज दूर नेण्याची विद्या द्यावी आणि मलावीने खानदेशास मासळी सुकविण्याची. परंतु वकिलांची शर्त कठीण: दोन हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढे मासे, प्राणवायूच्या पिशव्यांतून जामनेरच्या तलावी न्यावी, आणि शंभरात पाचांहून अधिक मेली तर तह रद्द.

मग कूच करण्याचे प्रातःकाळी शाझियाबी हौदाशी गेल्या आणि पाहतात तो पाण्यावर भुईमुगाच्या पेंडीचा तवंग. बोटुकलीस आदले दिवसापासून लंघन पाडावे अशी सक्त ताकीद होती. कारण भरल्या पोटी मासा पिशवीत बसला की त्याच्याच मळाने पाणी नासते आणि अवघी फौज वाटेतच गारद होते. चौकशी होता मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षा प्रमिलाबाई निर्भयपणे पुढे आल्या.

“परगावले जाणारा लेकरंसले उपाशी कसं धाडू, माय? बठ्ठासले पोटभर दिधं.”

 वकील तिसरे दिवशी स्वदेशी परतणार. रागे भरावे, तर निघत्यास जेवू घालणे ही या मुलखात चूक गणलीच जात नाही. मग शाझियाबींनी मनात तास मोजिले आणि हुकूम केला की बोटुकली वाहत्या पाण्यात, जाळीच्या पिंजऱ्यात कोंडून एक दिवस उपाशी ठेवावी, वकिलांस खरे ते सांगावे, आणि तोवर त्यांची बडदास्त प्रमिलाबाईंनी राखावी.

मग प्रमिलाबाईंनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजोन भरीत केले, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापिल्या आणि वकिलांवर चहूबाजूंनी चढाई केली. वकील पुरे म्हणती, तो चौथी भाकरी ताटात. अखेर त्यांनी शाझियाबींकडे फिर्याद गुदरली की आपणांसही त्या पिंजऱ्यात कोंडावे.

दुसरे दिवशी स्वारी निघाली. जामनेरास पोहोचताच आतबाहेरची ऊब एक व्हावी म्हणोन पिशव्या आधी तलावात तरंगत ठेविल्या, पाण्यात पाणी मिळविले, आणि मग तोंडे सोडिली. शाझियाबींनी गुडघाभर पाण्यात उभ्या राहोन मेलेली वेचिली: अवघी सतरा. दोनदा मोजिली. वकिलांनी तेथेच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवोन, सही केली.

तहाचे पहिले कलम शाझियाबींनी आपल्या हाते लिहिले, ते येणेप्रमाणे: प्रवासास निघालेल्या माशास कोणीही माया दाखवू नये. खाली प्रमिलाबाईंची सही आहे, नाखुशीने केलेली. खानदेशास फत्ते लाभली, ही नोंद कायम जाहली.